तेरावं द्राक्ष

आई घड्याळ बांधत नाही.
कमरेला दोर असतो, त्याचं दुसरं टोक
वर कड्यावर, एर्मितास मावशीच्या मुठीत,
आणि खाली अटलांटिक.
पाणी मागे सरलं की ती खडकावर उतरते,
लोखंडी पात्याने पेर्सेबेस खरवडते, पिशवीत टाकते.
समुद्राकडे पाठ करायची नाही,
एवढं एकच तिने मला शिकवलं.
मी शिकले, आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला
कादिसजवळ एका तळघरात नोकरी धरली.
तिथे सिझियमची घड्याळं आहेत,
खिडकी नाही.

आमच्या गावात जूनमध्ये
सूर्य डोक्यावर येतो तेव्हा पावणेतीन वाजत आलेले असतात.
रात्री दहाला पोरं उन्हात चेंडू खेळतात.
आजोबा तरुण असताना माद्रिदमध्ये कुणीतरी
काटे तासभर पुढे ढकलले,
बर्लिनशी जुळावेत म्हणून.
ती माणसं गेली. ते बर्लिनही गेलं.
तास राहिला.
आमच्या धान्यकोठीच्या भिंतीवर दगडी सूर्यघड्याळ आहे.
आजोबा म्हणायचे, हे बरोबर, सरकार चूक.
बस मात्र त्यांचीच चुकायची.

सोळा साल सरण्याच्या रात्री माझी पाळी होती.
पृथ्वी जराशी मागे पडली होती,
तिच्यासाठी सगळ्या जगाने एक सेकंद थांबायचं होतं:
अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ,
आणि मग शून्य.
आईला फोनवर सांगितलं. "मागे का पडते?"
चंद्रामुळे, म्हटलं. भरती-ओहोटी.
पाणी तळाशी घासतं, आणि गिरकी घेणाऱ्या पृथ्वीला
रोज नकळत ब्रेक लागतो.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "म्हणजे माझ्या खडकांवर."

बारा टोल, बारा द्राक्षं,
आमच्याकडे नवं वर्ष असं गिळतात.
आईने तेरावं बशीत बाजूला ठेवलं.
पण तो सेकंद ग्रिनिचच्या मध्यरात्री यायचा,
आमच्या घड्याळात तेव्हा एक.
मिन्यो नदीपलीकडे, पोर्तुगालात,
तो अगदी टोलांच्या उंबरठ्यावर पडला असणार.
आमच्याकडे पाहुणे उठून गेले, मावशी खुर्चीत घोरू लागली,
आई तासभर त्या एका द्राक्षासमोर बसून.
"आता," मी म्हटलं.
दातांखाली फुटल्याचा आवाज आला.
"आंबट आहे गं, उशिया."

आता हे बंद करायचं ठरतंय.
संगणक अडखळतात, उपग्रह गोंधळतात;
फरक साठू द्यावा, शंभर वर्षांत जेमतेम मिनिटभर,
पुढचे पुढे बघतील.
यात खोटं काही नाही.
मिनिटाचं काय घेऊन बसलात,
आम्ही अख्खा तास पचवला की:
त्याच काट्यांवर जेवलो, लग्नं लावली,
आजोबांना पुरलंही साडेपाचच्या टळटळीत दुपारी.
तरी त्या तासाचा कधी कुणी हिशेब दिला नाही,
आणि सेकंद तर आम्ही वहीत एकेक मांडत आलो.
आजवर सत्तावीस. नक्षत्रांइतकेच.
सगळे मिळून अर्ध्या मिनिटाहून कमी.
तेवढ्यात आई
एका लाटेखाली जाऊन वर येते.
कधीकधी मावशीला दोर ओढावा लागतो.

वरिष्ठांनी आमचं मत मागवलंय, एका ओळीत.
मी ओळ लिहिते, खोडते.
"सूर्याला विचारा" असंही एकदा लिहून पाहिलं.
हा बालिशपणा. तोही खोडला.
आज अमावास्या, मोठी ओहोटी.
तळघरात सकाळचे अकरा वाजून चार मिनिटं,
आणि पुढचे आकडे वाचेपर्यंत बदललेले.
आई फोन उचलणार नाही.
ती उतरली असेल,
पाणी तिच्या घोट्यांशी घासत मागे जात असेल.