सुयांची उशी

प्रिसिला मिनेसोटाहून आली.
बॅगेत चॉकलेटं, आणि पायमोज्यात गुंडाळलेली
ही मूठभर उशी.
"डकोटा बाईच्या हातची आहे, मावशी.
जुन्या घराचं सामान विकत होते, त्यात मिळाली.
एक पाकळी निसटलीय. लावशील?"

मी आधी उलटी करून पाहिली.
कामाची खरी बाजू तीच.
तळाला पिठाच्या पिशवीचं कापड,
छापाची दोन अक्षरं पुसट,
टाके तांदळाच्या कणीएवढे,
कुणी बघणार नव्हतं तिथेही.

वर काळी मखमल, तिच्यावर मण्यांचा वेल.
एकाच दांड्याला तीन जातींची फुलं.
आमच्या शरणपुरात असा वेल उगवत नाही.
तिच्याकडेही उगवत नसेल.

मिशनच्या शिवणवर्गात मडमेने
सगळ्या मुलींना एकच नमुना दिला होता:
लाल टोमॅटो, हिरवा देठ.
आईने कारलं केलं.
हातावर तीन पट्ट्या, आणि कारलं घरी.
अजून आहे माझ्या मशीनवर, भुसा भरलेलं,
काचमण्यांनी खडबडीत.

निळ्यासाठी भद्रकालीत गेले.
सैफुद्दीनभाईंनी फळीवरचा शेवटचा डबा काढला.
"चेक माल, बाई. वडिलांच्या वेळचा.
हा रंग आता येत नाही."
फुलाशेजारी धरला.
तोच.
तिच्या आणि माझ्या गावाला
एकाच भट्टीतून काच गेली होती तर.
दहा ग्रॅम घेतले, घासाघीस न करता.

रात्री दिव्याखाली बसले.
उशी अंगठ्याने दाबली आणि आतून टोचलं.
बोटावर थेंब.
भुशात बुडालेली सुई,
टोक वर आलेलं.
हलकेच ओढली. नेढ्यात दोरा,
वीतभर, निळाच.

मग भिंग घेतलं.
पाकळीच्या जागी मखमलीला भोकं नव्हती.
नुसती खडूची रेघ.

निसटली नव्हती.
व्हायची होती.

कुणी हाक मारली असेल.
दूध उतू गेलं असेल, किंवा
दाराशी गाडी थांबली असेल,
पोरांना न्यायला आलेली.
मला काय माहीत.
सुई मात्र तिने नीट खोचली होती,
लगेच परत येणारी बाई खोचते तशी.

मी ती होती तिथे परत सरकवली.
नेढ्यापर्यंत.

प्रिसिलाला म्हणाले, रंग जुळला नाही गं.
ती म्हणाली, असू दे.

मण्यांची पुडी कारल्याशेजारी आहे.
झाडताना उचलते,
पुसते,
पुन्हा तिथेच ठेवते.