हात सोडून

बुटीबोरीच्या मागे, रस्ता संपल्यावरचा रस्ता.
दीड किलोमीटर डांबर, दोन्हीकडे खुरटा पळस.
सकाळचे साडेसहा, आणि मे महिन्यानं
आत्ताच बाह्या वर सारलेल्या.

शंकू मांडून झालेत, केशरी, नागमोडी.
चाकामागे हातवार काका, शेजारी मी,
मांडीवर लॅपटॉप.
मागच्या सीटवर वाळूची तीन पोती, पट्टा लावलेली.
अहवालात ती प्रत्येकी अडुसष्ट किलो.
काका त्यांना म्हणतात मामा, मामी
अन् मधात झोपलेलं पोट्टं.

पुढच्या चाकांत साडेसहा अंश आहेत,
तीन महिने घासून आणलेले.
चाक ज्या आसाभोवती वळतं
तो आस वरून थोडा मागे झुकवायचा,
मग रबर जमिनीला टेकतं ते आसाच्या रेघेमागे,
ओढत नेल्यासारखं,
आणि वळलेलं चाक आपणहून सरळ होऊ बघतं.
एवढंच. बाकी सगळं
हे एवढंच निभावण्याची खटपट.

"ऐंशीवर घेऊ?"
"घ्या."
डावीकडे हिसका, उजवीकडे हिसका,
आणि काकांनी स्टिअरिंग सोडलं.
ते परत आलं. आलं, पण थांबलं नाही,
मध्य ओलांडून पलीकडे, पुन्हा अलीकडे,
गाडीची शेपटी हलली, तीन शंकू आडवे,
मामी पोट्ट्यावर कलंडली.

काकांनी इंजिन बंद केलं.
"वापस तर येऊन राहिलं बाई,
पण घरी आल्यासारखं नाही.
दार मोडून घुसल्यासारखं."

मी पुण्याहून परत आले त्याला
तेव्हा चारच महिने झाले होते.
मी काही बोलले नाही.

काकांचे वडील तांडापेठेत मागावर बसायचे.
धोटा इकडून सुटला की तिकडे पोचायचा,
पण पोचून उसळला तर सूत सैल,
लुगड्याच्या काठावर गाठ.
म्हणून पेटीच्या दोन्ही टोकांना
चामड्याचा तुकडा ठोकलेला असायचा,
धोट्याला अडवायला नव्हे,
त्याचा जोर प्यायला.

"चामडं केवढं जाड, काका?"
"बोटाले समजे तेवढं.
आता मोजाले तू आहेस."

मग मी दीड अंश परत दिला.
मोटरला शिकवलं: परतताना उलटा जोर लाव,
वेग जास्त तर जोर जास्त,
मध्य जवळ आला की हळूच हात काढून घे.
पहिल्यांदा फार शिकवलं गेलं.
"मुकी झाली," काका म्हणाले,
"खालचा खडासुद्धा सांगत नाही."
मग थोडं काढलं. मग टाय रॉडचं बुश बदललं.
मग गरम डांबराला चपला चिकटायला लागल्या,
माठातलं पाणी संपलं, रामटेकेनं दुसरा आणला,
आणि सहाव्या की सातव्या फेरीला
(वहीत सात आहे, काका सहा म्हणतात)
स्टिअरिंग सुटलं, फिरलं,
मधोमध येऊन बसलं.
शंकू उभे. शेवटचा जरा हलला,
वाऱ्यानं असेल. मी तो हललेला धरला.
मामी जागच्या जागी.

काका काही म्हणाले नाहीत.
खाली उतरून बोनेटला हात लावला,
चटका बसला, झटकला.

दुपारी ते सायकलवर निघाले, वर्धा रोडकडे.
फाटकाबाहेर उन्हासाठी दुपट्टा बांधायला
त्यांनी दोन्ही हात सोडले.
एक फेरा डोक्याला, एक कानांवरून, गाठ मानेमागे.
तेवढा वेळ ती गंजकी सायकल
आपल्या तिरप्या चिमट्याच्या भरवशावर
सरळ जात राहिली.

मी लॅपटॉप उघडला,
अंश लिहायच्या रकान्यापाशी थांबले,
आणि त्यांची गाठ पक्की होईपर्यंत
बघत राहिले.