आदगोंडाकाका टाकीला कान लावतात

आमणापूरच्या खाली नदी जरा दुभंगते
आणि पुढे जाऊन पुन्हा एक होते,
भांडलेल्या जावा एकाच चुलीशी येतात तशी, न बोलता.
मधल्या साडेतीन एकरांना नाव नाही.
तलाठी नुसतं 'बेट' लिहितो
आणि पुढच्या रकान्यात रेघ मारतो.

इथे आमची वाइनरी. म्हणजे पत्र्याची शेड,
स्टीलच्या तीन टाक्या, एक जुनं प्रेस,
गोडी मोजायची काचेची नळी आणि माझी वही.
चौथी टाकी महापुरात गेली.
मौजे डिग्रजला उसात उभी सापडली, सरळ, पाहुण्यासारखी.
आणायचा खर्च टाकीहून जास्त,
म्हणून राहिली तिथेच. आता म्हशी पितात त्यातलं पाणी.
शेडच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ आहे,
माझ्या डोक्याच्या वर दोन विती.

दोन्ही काठांना ऊस.
कारखान्याचा भोंगा झाला की मळीचा वास
पाण्यावरून चालत येतो
आणि आमच्या द्राक्षांशी बांधावरनं वाद घालतो.
वाळूच्या दांड्यावर मगर पडून असते, जबडा उघडा,
कुणी विचारलेलं काहीतरी
तिला नेमकं आठवत नसल्यासारखी.
होडीवाला रमजान तिला मॅडम म्हणतो.
मॅडम पाण्यात शिरल्या की क्रेट चढवणं थांबतं.

मी तासगावची. बेदाण्याच्या रॅकखाली वाढले.
आईने जन्मभर द्राक्षांतलं पाणी घालवलं,
मी ते राखायचा पगार घेते.

वेल काकांचे.
आदगोंडाकाका दिवस मावळल्यावर जेवत नाहीत,
मध खात नाहीत,
कंदमूळ तर घरातच येत नाही.
पुतण्याने वाइन काढायची म्हटल्यावर
ते एवढंच म्हणाले, "वेल माझं. शेड तुझी."
आणि छाटणीची कात्री घेऊन बाहेरच राहिले,
सहा हंगाम.
उंबऱ्यापाशी चप्पलसुद्धा काढली नाही कधी.

मग फेब्रुवारीतली ती रात्र.
नदीवरून येणारी तार तुटली, थंडावा बंद,
तीन नंबरच्या टाकीचा काटा चढायला लागला.
एकतीस. बत्तीस. साडेतेहतीस.
मी आणि रमजान बादल्या ओतत होतो
तेवढ्यात दारात काका, खांद्यावर ओली पोती.
आत आले. काही बोलले नाहीत.
पोतं गुंडाळायचं, भिजवायचं, वाळलं की पुन्हा.
कितीदा, ते वहीत नाही.

पहाटे नदीवर धुकं इतकं
की बेट आहे की नाही सांगता येईना.
काकांनी टाकीला कान लावला.
आत बारीक चरचर, तव्यावर शिंतोडा पडावा तशी, न थांबणारी.
"किती असतील गं आत?"
मी म्हटलं, यीस्ट होय? थेंबात काही कोटी.
"आन् मग?"
साखर संपली की मरतात. तळाला बसतात.

ते बराच वेळ कान काढेनात.
मी काटा बघत राहिले. अठ्ठावीस.

चैत्रात गाळ काढला तेव्हा ते पुन्हा आले.
"फेकू नगस. बुडात घालू."
घमेल्याने एकेका वेलीपाशी नेला, स्वतः,
गुडघे दुखत असताना.
ओठ हलत होते. मी विचारलं नाही.
त्या ओळीची पालवी जास्त हिरवी झाली
असं पुतण्या म्हणतो.
मला तरी सारखीच दिसते.

परवा पहिली बाटली भरली.
लेबलवर काय छापायचं ते अजून ठरत नाही.
'बेट' घ्यावं तर तलाठ्याची रेघ आठवते.
काकांच्या हातात दिली.
त्यांनी ती उन्हात धरली, डोळ्यापाशी नेली,
तिच्यातून पलीकडचा काठ पाहिला.

"ऊस तांबडा दिसतोय," म्हणाले.
बाटली फिरवली.
"मॅडमबी."

आणि परत दिली. बूच तसंच.