टेप

सक्करदऱ्यातला दवाखाना,
कूलरमधलं पाणी संपलेलं.
निर्मलाबाई वांढरे गुडघा दाखवायला आल्या,
वजनकाट्याकडे पाठ करून बसल्या.

"कंबर मोजू का?"
"इचारलं तरी तुम्ही, बाप्पा.
आजवर सारे सांगतच आले."

टेप गुंडाळला.
"डागतर, वाकडा धरला.
तीस वर्सं ब्लाऊज शिवून राहिली मी."
त्यांनीच सरळ केला, वाचलाही: एक्केचाळीस.

मग झोप, घोरणं, साखर,
रात्री दहाला मशीन थांबल्यावरचं जेवण.
पूर्वी मी 'कमी खा' लिहून
पुढच्याला बोलवायचो.

आज लिहिलं: जेवण आठला.
तासातासाला मशीनवरून उठणं.
महिन्याने या, वजन घटो न घटो.

चिठ्ठी घडी करत त्या म्हणाल्या,
"शिवणीत दोन इंच दाबून ठेवतो आम्ही,
माणूस बदलते म्हणून.
तुम्ही पण ठेवत जा."