हातचा

विजेच्या जुन्या बिलाच्या पाठीवर
मी मांडून बसले आहे
ओतिलियाच्या लग्नातली दारू.

एकशे चाळीस माणसं.
वजा एकोणीस पोरं,
ती बेरीच्या कोम्पोतवर नाचतील पहाटेपर्यंत.
वजा दोन पोटुशा,
एकीचं गावाला ठाऊक, दुसरीचं फक्त मला.
वजा गाड्या चालवणारे सहा.
त्यांतल्या दोघांच्या शपथेवर माझा काडीचा भरवसा नाही,
पण कागदाला भरवसा लागत नाही,
आकडा लागतो.
उरले एकशे तेरा.

माणशी अर्ध्या लिटरची एक बाटली, ही इथली रीत.
कमी पडली तर नारेव्हच्या दोन्ही काठांवर
नातवंडांना सांगतील:
चेस्वावाच्या घरचं लग्न, दीड वाजताच पेले कोरडे.
उरली तर बिघडत नाही,
वॉम्झाचा दुकानदार न फोडलेल्या परत घेतो.
फक्त म्हणतो, नावाच्या पट्ट्या चिकटवू नका.
ओतिलियाला पट्ट्या हव्यातच,
सोनेरी अक्षरांत, दोघांची नावं, मध्ये कबूतर.
म्हणजे ते दारही लागलं.

चर्चच्या वाटेवर बारा.
शेजारी रस्त्याला दोर बांधतात,
कुणी ट्रॅक्टर आडवा घालतो,
कुणी कापसाची दाढी लावून डॉक्टर होतो
आणि भर चौकात क्सावेरीची जीभ तपासतो;
बाटली हाती पडेपर्यंत
वरात हलत नाही.
एकशे तेरा नि बारा, एकशे पंचवीस.
बँडवाल्यांच्या पाच.
पाच नि पाच दहा,
शून्य मांडलं,
हातचा एक.

पेन्सिल तिथेच थांबली.

खिडकीबाहेर झेनोन
अग्निशमन दलाच्या हॉलमधली बाकं घासतो आहे.
कुठल्याच रकान्यात बसत नाही हा माणूस.
अकरा वर्षं.
त्या मार्चमध्ये नदी कुरणावर चढली होती,
आणि हा बंधाऱ्यावर सापडला, एका पायात बूट.
दुसरा ओतिलियाने शोधला,
पंधरा वर्षांची होती,
तिने तो चुलीपाशी वाळत ठेवला
आणि शाळेत गेली.

हात पुसत आत आला.
उलट्या बाजूने कागद वाचला.
"बारवर कोण?"
"तुझा भाऊ. गेरार्ड."
"मांजराला दुधाची राखण?"
मग बराच वेळ टॉवेलची घडी घालत राहिला.
"मी उभा राहतो."

मी काही बोलले नाही.
केटलीच बोलत होती.

"पेल्याकडे हात जाण्याआधी खांदा हलतो,
ते तुला दिसतं? मला दिसतं.
तिसऱ्यानंतर रडणारा कोण,
सातव्यानंतर खुर्ची उचलणारा कोण,
कुणापुढे आता बाटली नको,
बीटचं गरम सूप हवं.
एवढं शिकायला मला एकवीस वर्षं लागली, चेस्वावा,
आणि तळ्याकडचं शेत."

"आणि दारातले दोन पेले?" मी विचारलं.
पाव नि मिठासोबत द्यायचे ते,
एकात पाणी, एकात वोडका.
ज्याच्या वाट्याला वोडका, घरात त्याचं राज्य.
भरायचे बापाने.

"काल ओतिलिया म्हणाली,
बाबा, दोन्हींत पाणीच घाल."
"मग?"
"बघू," म्हणाला,
आणि परत बाकं घासायला गेला.

मी दुसऱ्या दिवशीच्या वीस मिळवल्या,
खाली रेघ मारली, एकशे चाळीस,
नेमकी माणसांइतकी. बरं वाटलं.
बारच्या पुढे त्याचं नाव लिहिलं,
खोडलं,
पुन्हा लिहिलं.

रात्री अंथरुणात लख्ख आठवलं:
हातचा मिळवायचाच राहिला.
दहा बाटल्या कमी.
शेजारी तो शांत झोपलेला,
हाताला साबणाचा वास.

उठले. दिवा लावला.
मिळवला.