वारा बंद करायची सोय

पुंता आरेनासच्या करमुक्त बाजारात
एलेउतेरियो बार्रिया या आठवड्यात तिसऱ्यांदा आला.
हातांना मेंढ्यांचा वास, बोटं जाडजूड;
एक बटण दाबायला जातो
तर दोन दाबली जातात.

"हा खिशात मावतो," मी म्हणाले,
"फुल एचडी. आणि चित्रण चालू असतानाच
फोटोही निघतो, थांबवावं लागत नाही."
"चालू, तरी थांबलेलं?"
मी हो म्हणाले.
उत्तर मलाच नीट पटलं नाही.

त्याने कॅमेरा काचेबाहेर रोखला:
एकाच बाजूला वाकून वाढलेली झाडं,
टोपीमागे धावणारा पोस्टमन.
झूम केलं, तर नुसती टोपी उरली.

म्हाताऱ्याचे हात हवेत त्याला, कातरताना,
म्हणजे चालते.
चेहरा फोटोत चालेल,
तसाही तो फारसा हलत नाही.
पोरगा दूर उत्तरेला, कालामाच्या खाणीत.
त्याला पाठवायचं आहे.

मग मी हुकमाचं पान टाकलं:
"यात वाऱ्याचा आवाज कापायची सोय आहे!"
कॅमेरा खाली ठेवून
तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघत राहिला.
"वारा काढला,
तर हे घर आहे
हे त्याला कळायचं कसं?"

मेनूत, चौथ्या पानावर, अगदी तळाला
ती खूण मी पुसून दिली.
त्याने नोटा दोनदा मोजल्या.
दार उघडलं तशी पावती उडाली, रस्ता ओलांडून गेली.
तिच्यामागे कुणीच धावलं नाही.