तळ्याचा तळ कोरण्याआधी

सांगाडा उभा आहे, व्होरूच्या मागच्या गल्लीतल्या शेडमध्ये :
ॲल्युमिनियमचे रूळ, तीन मोटारी, एक स्पिंडल.
हातपाय सगळे आहेत. डोकं तेवढं नाही.
बाहेर उणे अठरा. आत माझा श्वास दिसतो.

टेबलावर तीन डोकी मांडून ठेवलीत.

पहिलं : टपाल कचेरीने मोडीत काढलेला संगणक,
पाठीला पंचवीस छिद्रांचा जुना पोर्ट.
पंखा खोकतो, पण ठेका चुकवत नाही.
दुसरं : तळहाताएवढा निळा बोर्ड, बारा युरोचा,
त्याच्या पोटातलं कुणीही उघडून वाचावं.
तिसरं : काळा डबा, रंगीत पडदा, वायफाय,
चौथ्या अक्षाची सोय. चौथा अक्ष माझ्याकडे नाही,
पण सोय दिसली की गरज आठवतेच.

मी एकतीस वर्षं तार्तूची बस चालवली.
पडदा आवडला मला. कबूल करतो.

वीर्वे आली. सामूहिक गोठ्यावर दूध काढायच्या यंत्रांच्या
वायरी हिनेच ओढल्या होत्या. हातमोजे काढले नाहीत.
काळा डबा उलटा करून पाहिला,
"एक ना धड, भाराभर चिंध्या," म्हणाली.
मग : "पाऊल चुकलं तर सांगेल का हा, हेल्दुर?"

नाही. तिघांतलं कुणीच सांगणार नाही.
मोटार बघत नाही, मोजते.
दोनशे पावलांचा एक फेरा, पावलाचे पुन्हा सोळा तुकडे,
लाकडाच्या गाठीवर काही निसटली
तरी पुढचा आकडा तितक्याच ठामपणे.
मला कळलं ते. धुक्यात थांबे मोजत जाणारा ड्रायव्हर
एक थांबा विसरला, की पुढची सगळी गावं
आपापल्या जागी असूनही चुकतात.

काय कोरायचंय, तिला ठाऊक आहे.
तमुला तळ्याचा तळ.
सात हिवाळे बर्फाला भोकं पाडून मी दोरी सोडली,
दोरीला शिशाचा गोळा. वहीत दोनशे बारा ओळी,
काही पानांना अजून माशाचा वास.
त्या आकड्यांचा पृष्ठभाग करणारं एक सॉफ्टवेअर,
पृष्ठभागावर वाटा आखणारं दुसरं,
वाटा पावलांत मोडणारं तिसरं.
दरमहा भाडं मागणारं होतं, ते मी आधीच पुसून टाकलं.
माझ्याच तळ्यात उतरायला तिकीट?

निळा बोर्ड घेऊ, म्हटलं. ती हो म्हणाली नाही.
"लाल बटण आधी."
आणि त्याची वायर बोर्डाकडे न नेता
थेट मोटारींच्या विजेच्या वाटेत घातली.
"थांब म्हणायला कुणाची परवानगी लागू नये.
संगणकाची तर नाहीच."

मग तीन संध्याकाळी भलतंच.
स्पिंडल फिरला की यंत्र ओरडे : कड आली, कड आली!
कड कसली, मधोमध होतं.
शेजारून जाणाऱ्या विजेची गुणगुण ऐकून
स्विचच्या बारीक वायरी घाबरत होत्या.
वीर्वेने जाळीच्या आवरणाच्या वायरी आणल्या,
आवरण एकाच टोकाला अर्थ केलं.
दोन्ही टोकांना का नाही?
"दोन घरचा पाहुणा उपाशी," एवढंच.

काल रात्री पात्याच्या जागी पेन्सिल बांधली.
शिवणाच्या कागदावर किनारा उमटत गेला.
धक्क्यापाशी निघालेली रेघ
सगळं तळं फिरून धक्क्यापाशी आली,
भेटली नाही.
दोन मिलिमीटर. प्रमाणात धरलं तर आठ मीटर.

ती ड्रायव्हरवरचा इवला स्क्रू शोधायला वाकली,
करंट जरा वाढवायला. मी वही चाळत होतो.
एकशे एकोणचाळीसावं भोक : आकडा नाही,
नुसतं "दोरी तुटली".
पडद्यावर मात्र तिथे तळ आहे, गुळगुळीत,
सॉफ्टवेअरने आपल्या मनाने भरलेला.

"तिथे किती खोल?" तिने मान न उचलता विचारलं.
माहीत नाही.
"मग तिथे पातं उचलायला सांग,"
आणि स्क्रू फिरवला, पाव फेऱ्याहूनही कमी.